खिडकी उघडणारा दवाखाना

माझी लेक नर्स. रोह्याच्या दवाखान्यात सहा वर्षं काढली, शिफ्ट सांभाळून मोबाइलवर जर्मन शिकली आणि परीक्षा पासही झाली. जर्मनीतल्या दोन दवाखान्यांनी तिला घेतलं. एक मोठ्या शहरात, दुसरा डोंगरातल्या लहानशा गावात. शुक्रवारपर्यंत एकाला हो कळवायचं होतं. जाणार एकटीच.

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी चार माणसं जाऊन घर बघून येतात. माझ्या सासऱ्याने तर आमच्या विहिरीचं पाणी पिऊन बघितलं होतं, मगच बायको मिळाली. म्हणून मीही लेकीच्या फोनमध्ये तिचं तिथलं घर बघायला बसलो.

"मोरी दाखव गो."

"बाबा, तिथं मोरी नसते."

"मग भांडी कुठं घासतात?"

ती हसत सुटली. शेजारचे चाचा वीस वर्षं कुवेतला राहून आलेले. ते म्हणाले, "शहर घे बेटी. आपली माणसं भेटतात. आजारी पडलीस तर डाळभात कोण देणार?"

"चाचा, तुम्ही एका खोलीत आठ जण राहायचात ना?"

"व्हय. रडायलाही जागा नव्हती. तेच बरं होतं."

मलाही शहरच पटलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, मी लहान गाव घेतेय."

"येडी झालीस काय? तिथं आपलं कुत्रं पण नाय."

तिने चिडून उत्तर दिलं नाही. म्हणाली, दोन्हीकडच्या नर्सना मी एकच गोष्ट विचारली, पेशंट गेला की तुम्ही काय करता? शहरातलीने लिहिलं, कागद भरतो, फोन करतो, दोन तासांत बेड मोकळा करतो. गावातलीने लिहिलं, आधी खिडकी उघडतो. जाणाऱ्याला वाट मिळावी म्हणून, तिकडची जुनी रीत आहे. मग तोंड पुसतो, केस विंचरतो. घरच्यांना हवं तेवढं बसू देतो. कोणी नसलं तर आमच्यातली एक बसते.

माझा हात थांबला. हिची आई गेल्या वर्षी दवाखान्यातच वारली. अर्ध्या तासात म्हणाले, न्या, बाहेर पेशंट थांबलाय. मी भिंतीला टेकून उभा होतो. लेकीने आईच्या अंगाखालची चादर स्वतः काढली, घडी घातली आणि दिली. डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हा मला वाटलं, किती दगड आहे ही पोरगी. चार लोकांना तसं बोललोसुद्धा. आणि ही वर्षभर ते पोटात ठेवून होती. परक्या मुलखातल्या, न बघितलेल्या बाईला परक्या भाषेत पहिला प्रश्न विचारला तो हा. माझी सत्तरी उलटली. पोरींसाठी किती घरं बघितली, विहिरी बघितल्या, गोठे बघितले. हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. माझ्याच घरात वाढलेलं माणूस, आणि मला त्याचा ठावच लागला नव्हता.

"पगार?"

"सारखाच."

"थंडी?"

"गावात जास्त. चार महिने बर्फ."

मी आणखी एक वाल सोलला. मग विचारलं, "बर्फ पडत असला तर? तेव्हा पण उघडतात खिडकी?"

"उघडतात, बाबा. मी तेही विचारलं."

"मग कळव त्यांना," मी म्हटलं. "उद्याची वाट नको बघू."