एका वाक्यानं अडवलेला सर्व्हर

सीमाभागातल्या नौबादच्या आमच्या कॉलेजात सगळ्या विभागांना मिळून एकच सर्व्हर होता आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे. जो तो आपापल्या खोलीतून त्याच मशीनवर काम करायचा. बाहेर लाल माती उन्हानं तापलेली असायची. आत सर्व्हरच्या खोलीत, गारव्यात, मशीनच्या पंख्यांची एकसारखी घरघर ऐकताना मला वाटायचं, आपण पाण्याखाली बसलोय.

एका दुपारी ती घरघर चढत गेली. पाठोपाठ फोन. "मॅडम, काहीच हलंना झालंय!" बघते तर एकाच खात्यातून ढीगभर प्रोग्रॅम चालू. एक बंद केला की दुसरे उगवायचे.

खातं भाषा शिकवणाऱ्या अक्कांचं. इथल्याच मेहकर गावच्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड करून लिहून घेतलं होतं. त्यातलं मराठी कुठलं, कानडी कुठलं, हे प्रोग्रॅमनं निवडायचं होतं. अक्का चिटगुप्प्याला लग्नात होत्या. मी फोन लावला तर मागे सनई ऐकू येत होती.

"अक्का, तुमचा प्रोग्रॅम अख्खं मशीन खायलाय. मारू का?"

"नको गं! किती दिवसांचं काम हाय. कामून असं करायलाय?"

मी सगळे प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले. घरघर हळूहळू उतरली. मग कळलं, एका वाक्याची भाषा मूळ प्रोग्रॅमला ठरवता येईना. म्हणून तो स्वतःच्या दोन प्रती काढायचा, एक मराठी धरून, एक कानडी धरून. त्याही तिथंच अडायच्या आणि आणखी प्रती काढायच्या.

"वाच बघू ते वाक्य."

मी वाचलं, "अप्पा, ऊटा झालं व्हय? बा की, कामून उभारलास?"

अक्का खळखळून हसल्या. "जेवायला बोलवायलीय. ऊटा, बा हे कानडी, बाकी मराठी. आमच्या घरी असंच बोलत्यात. अख्खं वाक्य कुठल्या भाषेतलं, मलाबी न्हाई सांगता येणार. मार आता."

झालेलं काम मी आधी बाजूला ठेवलं, मग मूळ प्रोग्रॅम मारला, मग त्याच्या प्रती. एका वेळी किती प्रोग्रॅम चालवायचे, याची प्रत्येक खात्याला मर्यादाही घातली.

लग्नाहून आल्यावर अक्कांनी 'दोन्ही' असा तिसरा कप्पा केला आणि प्रोग्रॅम निमूट चालला. तो चालू असताना एकेक इअरफोन कानात घालून आम्ही मूळ आवाज ऐकत बसलो. कुणी ज्वारीचं सांगत होतं, कुणी माहेरचं. मला सगळं कळत होतं, कुठल्या भाषेत ते मात्र उमगत नव्हतं. मधेच एक कोंबडी ओरडली.

"हिला कुठं टाकायचं गं?" अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या.