मुरबाडचं मशीन आणि लिमलेटची गोळी

बातमीदाराच्या वहीला दोन तोंडं असतात. पुढून बातम्या लिहायच्या, मागून किस्से. पुढची पानं छापून आली की रद्दीत जातात. मागची कुणी छापत नाही, म्हणून ती वाढत राहतात. शहापूर-मुरबाड भागात वीसेक वर्षं बातमीदारी केली, तेव्हा मागची पानं पुढच्यांना येऊन भिडली. त्यात सगळ्यात जास्त भरणा एकाच प्रकाराचा. शहरात बसून कुणीतरी आमच्यासाठी वस्तू बनवतो, ती आमच्या हातात चालत नाही, आणि तो आम्हालाच अडाणी म्हणतो! हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून फिरतं. अडाणी कोण, ते आता तुम्हीच ठरवा.

*

पहिला किस्सा शहापूरजवळच्या सापगावचा, नव्वद सालानंतरचा. गावात नवा हातपंप बसला. खाली गुळगुळीत सिमेंटचा ओटा, पाणी वाहून जावं म्हणून त्याला छान उतार. उतार इतका छान की पाण्यामागून हंडाही वाहून जायचा! बायका एका हाताने हंडा धरायच्या आणि दुसऱ्या हाताने दांडा मारायच्या.

हिराबाई नावाच्या बाईने आठ दिवस हे सोसलं. नवव्या दिवशी तिने घरातल्या फुटक्या जात्याचा वरचा दगड आणला, तो मध्ये भोक असलेला, आणि नळाखाली ठेवून दिला. हंडा त्यावर पाटावर मांडल्यासारखा बसला.

पुढच्या महिन्यात इंजिनिअर पाहणीला आले. मी सोबत होतो. साहेब दगड बघून तापले. "हा कोणी टाकला? काढा आधी! नकाशात नाही हा."

हिराबाई म्हणाली, "आन् नकाशात हंडा हाय का?"

साहेबांनी खरंच नकाशा उलगडून पाहिला!

मी ती बातमी चौकटीत छापून आणली. त्यानंतर त्या बाजूला जे पंप बसले, त्यांच्या ओट्यात हंड्यापुरता खळगा आला. आमच्या हिराबाईच्या दगडाचा खळगा! त्या दिवशी तिच्या मागे तिची शाळकरी मुलगी उभी होती. सुनंदा. पुढचे सगळे किस्से तिचे.

*

सुनंदा लग्न होऊन टोकावड्याला आली. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. दोन हजार सालानंतर मुरबाडला एसटी स्टँडजवळ सरकारी दाखल्यांचं एक केंद्र उघडलं, तिथे तिला नोकरी लागली. केंद्रात एक मशीन होतं. उंच पांढरी पेटी, वर काच. काचेवरच्या चौकोनांना बोट लावायचं, हवा तो दाखला निवडायचा, नाव-गाव भरायचं, की अर्ज छापून बाहेर. खात्याचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून रस्त्यात भेटतात.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. नारळ फुटला, मशीनला हार घातला, काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, समोर उदबत्ती लावली. टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या.

नंतर आठवडाभर एक माणूस काचेला बोट लावेल तर शपथ! लोक यायचे, दारात चपला काढायचे, मशीनला हात जोडायचे आणि सुनंदाला म्हणायचे, "पोरी, तूच दे कागद लिहून." कंपनीने वर कळवलं, "ग्रामीण जनतेच्या मनात यंत्राविषयी भीती आहे."

टोकावड्याकडचे बारकूबाबा, साठी उलटलेले भातशेतकरी, मला म्हणाले, "भीती कसली रं? पूजा तुमी केलीव. आता त्याला बोट लावून इटाळ आमी करायचा?"

सुनंदाने हार काढला, ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि पेटीवर आपला जेवणाचा डबा ठेवून दिला. दुपारपर्यंत रांग लागली!

*

रांग लागली, आणि मशीन बंद पडायला लागलं. रोज. का ते कुणालाच कळेना.

कंपनीने पराग नावाचा इंजिनिअर पाठवला. हुशार मुलगा, पण काचेवर बोट कसं लावायचं याचं चित्र भिंतीला चिकटवून परत गेला. चित्रातलं बोट गोरंपान, निमुळतं, नेलपॉलिश लावलेलं!

सुनंदा मात्र टक लावून बघत बसली, आणि तिला दिसलं. लोक बोट लावतच नव्हते. डावा अंगठा लावत होते! आयुष्यभर सरकारी कागद म्हणजे डावा अंगठा. तोही नुसता टेकवायचा नाही. शाईचा ठसा पूर्ण उठावा म्हणून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूच फिरवायचा. इतक्या वर्षांचा सराव! चौकोन होते नखाएवढे. अंगठा फिरता फिरता तीन चौकोन दाबून जायचा आणि मशीन गांगरायचं. जातीचा दाखला मागितला की उत्पन्नाचा, रहिवासाचा, सगळेच एकदम सुरू!

बारकूबाबांच्या नातीला शाळेसाठी दाखला हवा होता. त्यांनी मन लावून अंगठा फिरवला. मशीनने लाल पट्टी दाखवली, "अवैध नोंद! पुन्हा प्रयत्न करा!" आणि वर भोंगा वाजवला. सगळी रांग वळून बघायला लागली. बाबा खाली मान घालून म्हणाले, "जाऊ दे गो. आपल्याला नाय जमायचं."

सुनंदा जागेवरून उठली. "लाजू नका बाबा. चूक तुमची नाय, मशीनची हाय."

मग तिने भोंग्याच्या जाळीत कापूस कोंबला.

*

तेवढ्यात वरून पत्र आलं. "स्थानिक जनता यंत्र वापरण्यास असमर्थ आढळली आहे. दोन महिन्यांनी समिती पाहणी करील व यंत्र अन्यत्र हलवण्याचा निर्णय घेईल." म्हणजे सुनंदाची नोकरी जाणार, आणि एका दाखल्यासाठी टोकावड्याच्या माणसाने पुन्हा दिवस मोडून गाड्या बदलत ठाण्याला जायचं. मुरबाडला रेल्वे नाही. आता मशीनही नाही!

मी बातमी दिली. मथळा होता, "मशीन नापास, माणसं पास!" दुसऱ्याच दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. एक अधिकारी म्हणाले, "तुम्हाला तंत्रज्ञानातलं काय कळतं?"

मी म्हटलं, "काही नाही. म्हणून तर सांगतोय. ते माझ्यासाठीच बनवलंय ना?"

चहा आला नाही. पण पराग पुन्हा आला.

*

या खेपेला सुनंदाने त्याला मशीनजवळ जाऊच दिलं नाही. बाजारचा दिवस होता. तिने त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. "पराग सर, आज बोलायचं नाय. मदत करायची नाय. फक्त बघायचं."

पाचव्या मिनिटाला सर उठून उभे. "अहो आजी, तिथे नाही, वरती..."

सुनंदाने ड्रॉवरमधून लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही तोंडात धरा. विरघळेपर्यंत बोलायचं नाय. चावायची पण नाय!"

संध्याकाळपर्यंत अकरा गोळ्या झाल्या. बाराव्यांदा ती ड्रॉवर उघडायला लागली तर पराग म्हणाला, "नको. आता मला बोलायचंच नाहीये." त्याने आपली वही मिटली. मग म्हणाला, "ताई, मी तीन वर्षं हेच काम करतोय. कोणाला वापरताना आज पहिल्यांदा पाहिलं."

या माणसाबद्दलचा माझा राग त्या वाक्याला गेला.

पंधरा दिवसांत चौकोन अंगठ्याएवढे झाले, आणि एका वेळी काचेवर चारच. भोंगा गेला. लाल पट्टीच्या जागी काय लिहायचं, ते रांगेतल्या बायांनी सांगितलं. "गावाचं नाव राहिलं. तेवढं सांगा." बस्स! पेटी वीतभर खाली आली, आणि डोक्यावरचं ओझं टेकवायला बाजूला फळी आली. फळीची मापं परागने विचारली तेव्हा सुनंदा म्हणाली, "माप कशाला? माझ्या आयेला बोलावते."

हिराबाई सापगावहून हंडा घेऊन आली!

*

मशीन मुरबाडलाच राहिलं, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला नको. पण समितीच्या दिवसाचं सांगितल्याशिवाय वही मिटवत नाही.

उद्घाटनाचेच मोठे साहेब आले. बारकूबाबांना पुढे बोलावलं. बाबांनी काचेला डावा अंगठा लावला, फिरवून फिरवून लावला, गाव राहिलं तर गाव भरलं, आणि नातीच्या दाखल्याचा अर्ज छापून साहेबांच्या हातात दिला. साहेब म्हणाले, "कोणी शिकवलं?"

"मला कोन शिकवनार? त्याला शिकवला," बाबा मशीनकडे बोट दाखवून म्हणाले.

साहेब हसले आणि तपासणीचा तक्ता भरायला बसले. तक्ता त्यांच्याच कचेरीत बनलेला. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं. ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं होतं. खोडलं. "स्थानिक वापरकर्त्याची आकलनक्षमता, टीप सातप्रमाणे" असा एक रकाना होता. टीपा सहाच होत्या. तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. तिथे तारखेच्या जागी सही झाली. तिसरा घेतला. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. केंद्रात बाजाराएवढी माणसं, सगळी साहेबांच्या पेनाकडे बघत.

बारकूबाबा जवळ गेले आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाजू नका साहेब. चूक तुमची नाय, कागदाची हाय."

पराग साहेबांना मदत करायला पुढे सरसावला. सुनंदाने ड्रॉवर उघडला आणि त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.