मिन्कोवाबाईंचा पाना

आमच्या गाब्रोवो शहरातला यंत्रांचा कारखाना बंद पडला, तेव्हा स्तामेना मिन्कोवाबाई आमच्या कॉलेजात कम्प्युटरवर डिझाइन शिकवायला आल्या. बावीस वर्षं त्यांनी फिटरचं काम केलं होतं. पर्समध्ये एकोणीस नंबरचा पाना असायचा. चूक दिसली की तो टेबलावर आपटायच्या.

माझ्या पंपाचं मॉडेल पडद्यावर झकास फिरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पाना आपटला.

"आतला हा बोल्ट आवळणार कोण? तुझा आजा?"

"बाई, सॉफ्टवेअरनं एकही चूक दाखवली नाही."

"सॉफ्टवेअरला हात असतात का रे, गाढवा?"

त्यांनी तो पंप थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाना माझ्या हातात कोंबला. "आवळ!"

माझा हात पंपाच्या तोंडाशीच अडकला. पोरं हसली.

"दात काय काढताय? तुमचे पंप याच्याहून दिव्य आहेत!" बाई कडाडल्या. मग त्यांनी माझ्याकडून पाना घेऊन आपला उजवा हात आत घातला. तो सहज गेला, कारण कारखान्यात अशाच अडचणीच्या जागी त्याची दोन बोटं तुटली होती.

"जातो ना?" बोल्ट आवळत त्या म्हणाल्या. "आता तुझ्या प्रत्येक पंपासाठी असे हात शोधून आण."