सहाव्या भागात अडकलेले शेजारी

"गायधने ने बीच में ही बंद कर दिया. उसको बुरा लग गया."

शेजारचे रईस चाचा आपल्या अंगणात खालाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगत होते, आणि कुंपणाच्या अलीकडे मी तारेवरच्या चादरीमागे उभी होते. गायधने म्हणजे माझे बाबा. बंद केलेली गोष्ट म्हणजे एक सीरियल. वाईट कोणालाच वाटलेलं नव्हतं. चादरीवरून डोकं काढून हे एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी लाजाळू आहे. मी कपड्यांचे चिमटे तोंडात धरले (तेवढंच न बोलायला निमित्त!) आणि चादरीमागेच खाली बसले.

भिलाईत सेक्टर दहामध्ये आमचं आणि चाचांचं क्वार्टर एका भिंतीचं आहे. बाबा भंडाऱ्याचे, चाचा गोंदियाचे, म्हणून दोघं एकमेकांशी मराठीत बोलतात. दोघांनी इथल्या स्टील प्लांटमध्ये, एकाच मिलमध्ये नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर टीव्हीवरच्या सीरियलींसाठी खातंही एकच घेतलं. ते एका वेळी एकाच टीव्हीवर चालतं. म्हणून नियम असा, की पाहायच्या आधी भिंतीवर एक थाप मारायची. पलीकडून थाप आली की लावायचं. या नियमावरून आजवर भांडण झालेलं नाही. पण त्या खात्यात कोणी काय पाहिलं आणि नेमकं कुठे थांबवलं, तेही दोन्ही घरांना दिसतं, याचा विचार कोणी केला नव्हता.

सीरियल होती एका छोट्या गावातल्या मुस्लिम शिंप्याच्या घराची. तिच्यात कोणी बंदूक उचलत नाही, कोणी रडत गाणं म्हणत नाही. फ्रिज बिघडतो आणि घरभर भांडण होतं, बस. नेटवर लोक तिच्याविषयी हातभर मतं लिहीत होते. कोणाला ती फार गोड वाटली, कोणाला फार खोटी. आमच्या घरात मात्र एकमत होतं.

"अवो, हे तं आपलंच घर आहे!" बाबा म्हणायचे.

"आपलं कसं? तो शिंपी बायकोले चहा करून देते," आई म्हणायची.

सहाव्या भागात बाबा इतके हसले, की शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजतोय असं वाटावं. नेमकं तेव्हाच दारातून चाचांचा आवाज आला. बाबा सोफ्यावरून उडालेच.

"बंद कर! बंद कर वो!"

"कावून?"

"रईसले वाटन का आपण त्याइच्यावर हसून राहिलो!"

आईनं रिमोट दाबला. चाचा आत आले, तर आम्ही तिघं ओळीनं बसून काळा टीव्ही पाहत होतो.

"काय पाहून राहिले?" चाचा म्हणाले.

"काही नाही. असंच."

"सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे."

चाचा चहा न घेता परत गेले. हे याआधी कधीच झालं नव्हतं! घरी जाऊन त्यांनी टीव्ही लावला, आणि आम्ही कुठे थांबलो ते त्यांना दिसलं: ईदच्या दिवशी शिंप्याचे शेजारी वर्माजी शीरखुर्मा भरून न्यायला घरून स्वतःचा डबा घेऊन येतात, तिथे.

आता सांगायला हरकत नाही, की माझे बाबा दर ईदला चाचांकडे घरून स्वतःचा डबा घेऊन जातात. कडीचा, तीन पुडांचा.

चादरीमागून घरात येऊन मी हे सगळं आईबाबांना सांगितलं. बाबांनी तो प्रसंग तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वाईट वाटणं दूरच, ते खूष झाले.

"वर्माचा डबा माझ्यापेक्षा लहान आहे!" ते म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "पण रईसले वाटून राहिलं का मी रागावलो."

"मग जाऊन सांगा ना," मी म्हणाले.

"काय सांगू? का आम्ही तुमच्यावर हसून राहिलो होतो म्हणून?"

"तुम्ही नका सांगू. हिले पाठवा," आई म्हणाली.

मला अचानक अभ्यास आठवला. (माझं कॉलेज संपून वर्ष झालं होतं.)

शेवटी तोडगा आईनं काढला. उरलेले सगळे भाग चालवून टाकायचे. चाचांना खात्यात दिसेल, की गायधने मंडळींनी शेवटपर्यंत पाहिलं, म्हणजे त्यांना आवडलं. आई स्वयंपाकघरात, बाबा बागेत, आणि टीव्ही रिकाम्या खोलीत बोलतोय, असं सुरू झालं. मध्येच टीव्ही विचारायचा, पाहताय ना अजून? "हो हो, पाहून राहिलो!" आई आतूनच ओरडायची. पण टीव्हीला ते पुरत नाही, म्हणून बटण दाबायला मला समोर बसवलेलं. मी डोळ्यांवर हात ठेवून, संवाद ऐकू येऊ नयेत म्हणून गुणगुणत बसले होते. मला सीरियल खरंच आवडली होती आणि पुढचं असं फुकट जाऊ द्यायचं नव्हतं.

भिंतीवर थाप आली.

"आई, त्यांना पाहायचंय!"

"थांब वो. एवढं होऊन जाऊ दे."

पुन्हा थाप आली. मग तिसरी, जरा जोरात. मग भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला, "लो! अब तो देखने भी नहीं दे रहे!"

त्यानंतर थाप आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही आमच्या बाजूनं मारून पाहिली, तर उत्तर नाही. बाबा येता-जाता भिंतीकडे पाहू लागले. जेवताना त्यांची खुर्चीही तिकडे वळलेली असायची.

मग ईद आली. बाबांनी कपाटातून डबा काढला, पुसला, आणि परत ठेवून दिला. "आता डबा नेला तं रईसले वाटन मी त्याले टोमणा मारून राहिलो." आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. खालानं दार उघडलं, बाबांचे हात पाहिले, आणि तिचा चेहराच उतरला.

"डबा?" चाचांनी विचारलं.

"नाही आणला."

"कावून?"

"असंच."

आम्ही बसलो. शीरखुर्मा आला.

"सीरियल कसं वाटलं?" चाचा म्हणाले.

"ठीक आहे," बाबा म्हणाले.

"हाँ, ठीक ही है," खाला म्हणाली.

ठीक! याच खालाला भिंतीपलीकडे मी स्वतः ऐकलं होतं, "रेशमी दुपट्टे में कौन अम्मी प्याज़ काटती है? और धनिया खरीदने को इतनी उर्दू?" आणि त्यावर चाचा इतके हसले होते, की आमच्या बाजूचं कॅलेंडर हललं होतं. इथे मात्र सगळे वाटीत पाहत होते.

चाचांनी वाटी खाली ठेवली. "गायधने, मी म्हणतो, खातं वेगवेगळं करून घेऊ. तुमाले त्रास नाही, आमाले त्रास नाही."

बाबांचा चमचा थांबला. "तुझी मर्जी," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बिटिया," चाचा माझ्याकडे वळले, "तू इंग्लिश मीडियमची. वेगळं कसं करतात, तूच करून दे." आणि टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोणी मत विचारलंच तर म्हणून त्या सीरियलवर मी इंग्रजीत सुंदर वाक्यं तयार ठेवली होती. समाजाचं चित्रण, सूक्ष्म विनोद वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. आली ती आमच्या स्वयंपाकघराबाहेर मी कधीच न बोललेली घरची बोली, आणि तीही शेजारच्या दोन क्वार्टरांना पुरेल अशा आवाजात:

"चाचा, वेगळं नका करू! बाबा तं हसून राहिले होते, तुम्ही आले म्हणून भेऊन बंद केलं, डबा लाजून घरी ठेवला, आईनं सगळे भाग नुसतेच चालवले, पाहिला कोणीच नाही, अन् मले सातव्यापासून पुढचं सगळं पाहायचं आहे, म्हणून आज टीव्हीची पाळी आमची!"