मुरारीने सोडलेली बारी

मुरारीला मी तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून शिव्या देत आलो आहे. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा हक्क गावात कोणाला असेल, तर तो मलाच. मी दादाजी, आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. बावीस वर्षं सभांचं इतिवृत्त लिहून लिहून माझी भाषा जरा सरकारी झाली आहे, आणि डोकं लवकर तापतं. दोन्ही सांभाळून घ्या.

आमचं गाव कारध्यापासून दोन कोस आत. गावामागं मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आणि त्या तलावावर जगणारी आम्हा ढीवरांची एकोणीस घरं. एका घराची एक बारी, म्हणजे पाळी. ज्या दिवशी ज्याची बारी, त्या दिवशी त्याचाच डोंगा पाण्यात. तलाव काही वाढत नाही, म्हणून बाऱ्याही वाढत नाहीत. कोणाला पगाराची नोकरी लागली की त्यानं बारी सोडायची आणि भर सभेत ज्याच्याकडे बोट दाखवेल, त्याला ती द्यायची. पुढे नोकरी गेली तर बारी परत मिळते, पण ती मागायची रीत आहे. आषाढातल्या सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं, ‘माझी नौकरी गेली.’ चिठ्ठी चालत नाही, बायकोनं सांगितलेलं चालत नाही. आणि बारी सोडल्यापासून दहाव्या सभेपर्यंत जो बोलला नाही, त्याची बारी कायमची गेली.

मुरारीला नोकरी लागली ती विमान कंपनीत. नीलपंख नावाची छोटीशी कंपनी, नागपूरहून लहान लहान शहरांना सत्तर माणसांची पंख्याची विमानं सोडायची. मुरारी त्यात सामान चढवायचा. पण गावात महिनाभरात बातमी अशी पसरली की जमुनाबाईचा मुरारी विमान चालवते. जमुनाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, ती मरेपर्यंत खोडून काढली नाही.

त्या वर्षीच्या सभेत त्यानं बारी सोडली आणि बोट दाखवलं ते शकुनबाईकडे. सगळे चकित. शकुनबाई गावाचीच लेक, पण तिचा नवरा पवनीकडून आलेला घरजावई, त्यामुळे एकोणीस घरांत तिचं घर नव्हतं. नवरा काविळीनं गेला आणि ती लहानग्या पोरीला घेऊन दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायची. बाईमाणूस डोंगा चालवणार म्हणून लोक हसले. मीही हसलो, खोटं कायले बोलू? पहिल्या महिन्यात ती दोनदा पाण्यात पडली. दुसऱ्या वर्षी तिच्या टोपलीतले मासे भंडाऱ्याच्या बाजारात सगळ्यांच्या आधी संपायला लागले. आज तिची पोरगी प्रेरणा नर्सिंगला आहे, ती याच बारीवर.

इकडे मुरारी पहाटे सायकलनं कारध्याला जायचा, तिथून नागपूरची बस. आठवड्यातून एकदा तरी माझ्या ओसरीवर बसून तो विमानाच्या गोष्टी सांगायचा.

“काका, विमान म्हंजे डोंगाच समजा. मागं वजन जास्त झालं त शेपटावर बसते. म्हनून सामान चढवाच्या आधी शेपटाखाली दांडा लावा लागते. तो दांडा मी लावतो.”

“वा रे पठ्ठे! म्हंजे तू दांडा लावाले नागपूरले जातं.”

“हसा, हसा. पन तो काढाले इसरलो त काय होईन, मालूम हाये?”

मी हसायचो, पण त्याचा हात खरंच अचूक होता. एकदा एका पेटीवर पंधरा किलोची चिठ्ठी होती. यानं उचलली आणि म्हणाला, हे तीसच्या खाली नाही. साहेब वैतागला, पुन्हा वजन केलं तर बत्तीस निघालं. त्या दिवशी पायलटनं खाली उतरून त्याच्याशी हात मिळवला. ही गोष्ट त्यानं मला किमान दोनशे वेळा सांगितली असेल. दरवेळी पायलट थोडा उंच होत गेला.

मग या वर्षी कंपनीचं बिघडायला लागलं. आधी दोन गावांची विमानं बंद झाली. मग एक विमान दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. पगार उशिरा, मग अर्धा, मग पुढच्या महिन्यात बघू. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर चार ओळी आल्या, की उड्डाणं तात्पुरती थांबवण्यात येत आहेत. टीव्हीवर सांगितलं, पेपरात आलं. पानठेल्यावरच्या माणसालाही कळलं की नीलपंख बुडाली. एकट्या मुरारीला कळलं नाही.

“बंद नाई झाली काका, थांबली हाये. तात्पुरती लिवलं हाये.”

“अबे, तात्पुरती म्हनूनच लिवतेत! कोणी लिवते का, का आम्ही बुडालो, राम राम?”

त्याचं जाणं सुरूच राहिलं. तीच सायकल, तीच बस, तोच निळा सदरा. बायको दुर्गा विड्या वळते, ती पहाटे उठून डबा करून द्यायची. मेघा त्यांची पोरगी, दहावीत. आणि हा संध्याकाळी येऊन जेवून भिंतीकडे तोंड करून झोपणार.

तो का जातो, हे गावाबाहेरच्याला कळणार नाही, पण मला कळत होतं. आमच्यात एकदा जाळं पाण्यात सोडलं की माणूस काठ सोडत नाही. ताप असो, घरी पाहुणे आलेले असोत, जाळं ओढेपर्यंत काठावरच बसायचं. सोडून गेला तर लोक नावं ठेवतात, आणि त्याचं त्यालाही करमत नाही. मुरारीनं तीच सवय विमानतळावर लावली. त्याच्या हिशेबानं कंपनीचं जाळं अजून पाण्यात होतं, आणि आपण उठून गेलो तर आपणच कामचुकार. आता कंपनीला काय माहीत असणार की भंडाऱ्याचा एक ढीवर तिच्यासाठी काठावर बसला आहे!

आषाढ लागला. सभेला आठ दिवस उरले आणि सभा होती मुरारीची दहावी. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याच बसमध्ये चढलो.

“कुठं जाऊन राहिले काका?”

“तुही नौकरी पाहाले,” मी म्हणालो.

नौकरी पाहिली. विमानतळाच्या आत त्याला जाता येत नव्हतं. पासची मुदत संपली होती आणि नवा पास देणार कोण? दारावरचा जवान ओळखीचा होता, त्यानं नमस्कार केला आणि मान हलवली. गाड्या उभ्या करतात त्याच्या पलीकडे एक कडुलिंब आहे, त्याखाली नीलपंखची माणसं बसायची. सुरुवातीला चाळीस जण होते म्हणे. मग बारा उरले. मी गेलो त्या दिवशी दोघंच होते: मुरारी आणि तिकीट खिडकीवरची रुखमिणी. तीही फक्त आपले नोकरीचे कागद घ्यायला आली होती, कारण तिला दुसरीकडे काम लागलं होतं.

मुरारीनं डबा बाजूला ठेवला आणि तारेच्या कुंपणातून बोट दाखवलं. दूर कोपऱ्यात त्यांचं एक विमान उभं होतं. पंखे पट्ट्यांनी बांधलेले, इंजिनांवर लाल कापड.

“दांडा लावून हाये,” तो म्हणाला. “पाहा, शेपटाखाली. मीच लावला होता शेवटच्या दिवशी.”

तो हे इतक्या आनंदानं म्हणाला की मला तिथं बसवेना. मी पाणी आणायचं निमित्त करून उठलो. रुखमिणी मागून आली.

“काका, तुम्ही यांच्या घरचे ना? यांना घेऊन जा. उद्यापासून मीही नाही येणार. हे एकटे बसतील इथे.”

परतीच्या बसमध्ये मी त्याला सोडलं नाही. “मुरारी, आयतवारी सभा हाये. दहावी. तीन शब्द बोलाचे हायेत. तीन! तेवढे बोल, बारी तुही.”

“पन गेली नाई न काका.”

“गेली! गेली! तुह्या डोळ्यापुढं उभी हाये ना बांधून ठेवलेली!” बसमधले लोक वळून पाहायला लागले. पाहू दे म्हटलं.

भंडारा आल्यावर तो म्हणाला, “प्रेरणाचं एक वर्ष बाकी हाये.”

“अन् तुह्या मेघाचं? तिचं काय बाकी नाई?”

मी दुसऱ्या दिवशी जे करायला नको होतं ते केलं. शकुनबाईच्या घरी गेलो आणि सचिवाच्या आवाजात तिला सांगितलं की बारी परत जाण्याची शक्यता आहे, तयारीत राहा. ती जाळं विणत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्याची हाये दादाजी. मांगंल त देईन. तुम्ही कायले ओरडता?”

मी ओरडत नव्हतो. माझा आवाजच तसा आहे.

आयतवारी समाजमंदिरात सभा भरली. पुढे पुरुष, मागे बायका. दुर्गा खांबाला टेकून बसली होती, मेघा तिच्याजवळ. शकुनबाई दाराशी. मुरारी उशिरा आला, निळ्या सदऱ्यात. रविवारीसुद्धा तो नागपूरला जाऊन आला होता! मला इतका राग आला की इतिवृत्ताची तारीखच चुकली.

रिवाजाप्रमाणे मी विचारलं, “नौकरीवरून परतलेलं घर हाये का कोणतं?”

कोणी हललं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं. मुरारी जमिनीकडे पाहत होता. तिसऱ्यांदा विचारलं की संपलं, वही बंद. मी जरा थांबलो, चष्मा पुसला, पुन्हा लावला. सचिवानं असं थांबू नये, पण थांबलो. मग विचारलं.

मुरारी उठला. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा मोठा माणूस, तीस किलोची पेटी एका हातानं उचलणारा, त्याला तीन शब्द उचलेनात.

“माझी...” तो म्हणाला. “माझी नौकरी गेली.”

आणि तिथंच उभा राहून रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत होता. “गेली. तीन महिने झाले. मी झाडाखाली बसून येतो रोज. कोणी येत नाई. कोणी सांगतबी नाई का घरी जा म्हनून.”

माझे डोळे भरून आले आणि मी त्याचाही राग मुरारीवरच काढला, मनातल्या मनात.

शकुनबाई दाराजवळून उठून पुढे आली. तिनं हात जोडले. “घे मुरारी. तुही हाये. दहा वर्सं पोसलं तुह्या बारीनं आम्हाले. काई वाईट वाटून घेऊ नको.”

मी लेखणी उचलली. ठराव मी घरूनच अर्धा लिहून आणला होता, फक्त तारीख घालायची होती.

“नाई बाई,” मुरारी म्हणाला. “मी बारी मांगून नाई राहिलो. बारी तुही. मी एवढंच इचारतो, का तुह्या डोंग्यात मागं कोन बसते आता? प्रेरणा त होस्टेलले गेली.”

“कोनी नाई. वजनाले दगड ठेवून राहिली मी.”

“मंग मले बसव. मजुरीनं. जे देशीन ते.”

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. बारीचा मालक आपल्याच बारीवर मजूर? असलं काही बावीस वर्षांत मी लिहिलेलं नव्हतं.

शकुनबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिला दया आली असती तर ती म्हणाली असती, ये बापा, डोंगा तुहाच हाये. ती तसं म्हणाली नाही. तिनं सरळ विचारलं, “येते का अजून तुले?”

“नाई,” मुरारी म्हणाला. “इसरलो. शिकवा लागन.”

“शिकवीन. उद्या बारी हाये, पाचले ये. उशीर केला त थांबत नसते मी.”

झालं. सभेनं मान डोलावली आणि मुरारीच्या घराची बारी कायमची गेली. मी वही आपटून मिटली आणि चहा न घेता निघालो. असा संताप आला होता! एवढी मी पळापळ केली, नागपूर गाठलं, त्या बाईच्या दारी जाऊन वाईट झालो, आणि या गाढवानं तीन शब्द बोलून ‘घेतो’ हा चौथा चुकवला.

तलावाच्या बांधावर दुर्गानं मला गाठलं. धापा टाकत होती.

“मामाजी, रागावले का?”

“नाई त काय करू? अवं, हक्क होता तुह्या घराचा! तुह्या पोरीचा! गेला. आता सात जल्म मांगितला तरी भेटत नाई. तुले काईच वाटत नाई का?”

“वाटते न. कायले नाई वाटनार?” ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. “पन मामाजी, तीन महिने झाले, रोज संध्याकाळी फक्त त्याहीचा डबा घरी येत होता. आज मानूस आला.”

मी तिथूनच मागे फिरलो, समाजमंदिरात जाऊन घरून आणलेला कागद फाडला, आणि नवा ठराव लिहायला बसलो. मुरारी अजून तिथंच होता. शकुनबाईला विचारत होता, की उद्या येताना काय काय आणू.