हिंडती गाठ

माझ्या पोटात एक गाठ होती आणि ती हिंडायची. सकाळी बेंबीखाली हाताला लागली, तर संध्याकाळी डाव्या कुशीला. मी बसवकल्याणच्या एका मराठी शाळेत शिकवते. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात उंच केला की ती खाली घसरलेली कळायची. डॉक्टरांसमोर टेबलावर आडवी झाले की मात्र गायब. सहा वर्षं तिनं कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टर पोट दाबून गॅस म्हणायचे आणि गोळ्या लिहून द्यायचे.

घरात तर मी चेष्टेचाच विषय झाले. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, विचारायच्या, "गाठ हाय का शेळी, हिंडायला?" नवरा खताच्या दुकानातून जेवायला आला की म्हणायचा, "आज कुठवर आली स्वारी?" मला दुखण्यापेक्षा त्या हसण्याचाच जास्त राग यायचा. शेवटी मी त्याबद्दल बोलणंच सोडलं. माझ्यासारख्या बाईनं बोलणं सोडलं म्हणजे काय, ते आमच्या शाळेत कुणालाही विचारा.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी भाकरी थापताना अशी कळ आली की मी परातीवरच वाकले. उलट्या थांबेनात. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. या वेळी गाठ हलली नाही, ओटीपोटात घट्ट बसून राहिली.

"बीजकोशाला पीळ पडलेला दिसतो, बीजकोशच काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "पण आधी गुलबर्ग्याला सीटी स्कॅन करा. नेमकं कळल्याशिवाय पोट उघडायला नको."

हुमनाबादवरून जाताना प्रत्येक गतिरोधकाला मी नवऱ्याला एकेक शिवी हासडली. तो बिचारा "व्हय, व्हय" करत गाडी चालवत होता. मागच्या सीटवर आत्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

स्कॅनच्या वेळी शिरेत औषध सोडलं तसं अंगभर ऊन ऊन पसरलं. कपड्यांतच लघवी झाली की काय असं वाटून मी शरमेनं अर्धमेली झाले. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "समद्यास्नी तसंच वाटतंय अक्का, काय बी झालं न्हाई." टेबल आत सरकलं आणि मला दुसरीच धास्ती लागली. आत जाऊन गाठ पुन्हा गायब झाली तर? मग मात्र जन्मभर माझं कुणी खरं मानलं नसतं.

स्कॅन बघून डॉक्टर लगबगीनं बाहेर आले आणि नवऱ्याला कन्नडमध्ये म्हणाले, "गुल्म तन्न जागदल्लि इल्ल." गुल्म त्याच्या जागेवर नाही. नवऱ्याचं कन्नड दुकानापुरतं. आमच्याकडचे वैद्य पोटातल्या गाठीला गुल्म म्हणतात, त्यानं तेच धरलं.

"ती कधीच जागेवर नसती डॉक्टर!" तो ताडकन म्हणाला. "सहा वर्षं झाली, ही सांगायलीय. आमीच ऐकलं न्हाई."

मी स्ट्रेचरवर कळवळत होते, तरी ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"कधीच नसते?" डॉक्टर चमकले. मग त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. कन्नडमध्ये गुल्म म्हणजे पानथरी, पुस्तकातली प्लीहा, आत्या जिला तिल्ली म्हणतात ती. डाव्या बरगड्यांखालची तिची जागा रिकामी होती. तिला धरून ठेवणारे बंध मुळातच सैल, म्हणून ती पोटभर फिरायची. आज ती ओटीपोटात उतरली होती आणि तिच्या रक्तवाहिन्यांना चऱ्हाटासारखा पीळ पडला होता. शिरेत सोडलेल्या औषधामुळे एवढं दिसत होतं की तिच्यात अजून थोडं रक्त पोचतंय. आत्ता ऑपरेशन केलं तर ती वाचेल, असं ते म्हणाले. बीजकोश ठणठणीत होता.

दुपारी ऑपरेशन झालं. पीळ सोडवल्यावर काळीनिळी पडलेली पानथरी हळूहळू लाल झाली, असं मला नंतर सांगितलं. तिला बरगड्यांखाली नेऊन टाक्यांनी पक्कं बसवलं. भेटायला येईल त्याला नवरा खिडकीशी स्कॅनची फिल्म धरून दाखवायचा, बहुतेक वेळा उलटी. मी उशीला टेकून ऐश करत होते. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

चौथ्या दिवशी तो औषधं आणायला खाली गेला. आत्या ती फिल्म मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसल्या.

"मला बी दुखतंय गं," त्या एकदम म्हणाल्या. "धाकट्याच्या बाळंतपणापासून."

"इतकी वर्षं? आणि कामून सांगितलं न्हाई कुणाला?"

"सांगितलं होतं की. हसले समदे."

मग तुम्ही मला कशा हसलात, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. टाके सांभाळत कॉटवर थोडी सरकले, त्यांच्यापुरती जागा केली आणि म्हटलं, "पडा हितं. कुठं दुखतंय, दावा मला."