पोलक्यावरचा हात

अक्कलकुव्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात इंद्रसिंग पावरा मुद्देमाल सांभाळतो. जप्त केलेली कुऱ्हाड असो की रक्ताळलेला शर्ट, कापडात गुंडाळायचा, लाखेचं सील मारायचं, चिठ्ठी लावून प्रयोगशाळेला पाठवायचा. एकोणीस वर्षं हेच काम. प्रशिक्षणात ऐकलेली एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात पक्की बसली आहे. बोटांच्या ठशांची वर्गवारी सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी फौजदारांनी बसवली, नाव लागलं गोऱ्या साहेबाचं. ठाण्यात नवा शिपाई आला की इंद्रसिंग त्याला हे ऐकवतोच.

"व्हयनं का तुन्हं कलकत्ता पुराण?" शेजारच्या टेबलावरचा हवालदार रूपचंद अहिराणीत म्हणतो. "मंग च्या सांग."

मागच्या मार्चमध्ये मोलगीच्या वरच्या पाड्यावरून फुलीबाई आली. तिची मुलगी निशा सासरच्या शेताखालच्या खडकांत मेलेली सापडली होती. पाय घसरला, असं जावई म्हणाला. त्याच संध्याकाळी सासरच्यांनी तिला अग्नी दिला. प्रेताला अंघोळ घालणाऱ्या बायकांनी अंगावरचे कपडे आईच्या हाती दिले. नऊ दिवसांनी फुलीबाईने जावयाविरुद्ध खुनाची तक्रार दिली. ठाण्याच्या साहेबांनी कपडे मागितले, तेव्हा ती घरी परत जाऊन गाठोडं घेऊन आली.

इंद्रसिंगने हातमोजे चढवले, गाठ सोडली. लुगडं, परकर, पोलकं. नीट घड्या घातलेले. साबणाचा वास आला.

"धुतलेत?" त्याने पावरीत विचारलं.

"दोनदा. आधी राखेनं, मग साबणानं."

"का मावशी?"

"पोलक्यावर त्याचा हात होता, पाठीवर. रक्ताचा, पाचही बोटं. तो काय पोरीच्या अंगावर तसाच राहू देऊ? आणि तसलं पोलकं तुम्हा पुरुषांपुढं पसरू?"

रूपचंदला पावरी येत नाही. पण इंद्रसिंगचा चेहरा बघून त्याने चहा मागितला नाही.

इंद्रसिंगने पोलकं खिडकीत धरलं. पाठीवर काही नव्हतं. तरी त्याने सील केलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: धुतलेल्या स्थितीत मिळाले.

आठ महिन्यांनी अहवाल आला. कपड्यांवर रक्त आढळले नाही. प्रेत नव्हतं, बघणारा कोणी नव्हता. तपास बंद झाला. जावई गुजरातेत ऊसतोडीला गेला, जाताना नवी बायको घेऊन.

फुलीबाई महिन्यातून एकदा ठाण्यात यायची. अहवाल आल्यानंतरही इंद्रसिंग दोनदा तिला "अजून आला नाही" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं.

"मी धुतलं म्हणून?"

"नाही मावशी. कधी कधी सापडत नाही."

"मग तो हात गेला कुठं?"

इंद्रसिंगने पुढचं रजिस्टर उघडलं. मोलगीची शेवटची जीप सुटायला दहा मिनिटं होती. फुलीबाई टेबलापाशी उभीच राहिली.